कोर्ट उठेपर्यंत

“नाई,” पंचफुला म्हणाली.

बेंच क्लार्कनं कागदावर पेन टेकवलेलंच होतं. तिच्या आधीच्या सहा जणांनी एकामागोमाग ‘कबूल’ म्हटलं होतं, त्यामुळे त्याचा हात आपोआप त्याच शब्दाकडे निघाला होता. तो मध्येच थांबला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

“बाई, प्रश्न समजला का? तुमच्या चहाच्या दुकानात क्रिकेटच्या सामन्यावर पैसे लावण्याचा अड्डा तुम्ही चालवत होतात, असा आरोप आहे. गुन्हा कबूल आहे का?”

“समजला साहेब. कबूल नाई.”

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. दंड भरायला निघालेले सहा जण दारातच थांबले आणि वळून पाहू लागले. सरकारी वकील पुढे वाकले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाई, किरकोळ केस आहे. दंडावर भागेल. नाही म्हणाल तर तारखा लागतील, वर्षं जातील.”

“जाऊ द्या.”

“वकील कोण तुमचा?”

“नाई कोणी.”

“सरकारतर्फे देऊ?” न्यायाधीशांनी विचारलं.

“द्या साहेब.”

तारीख मिळाली. कठड्यावरून हात काढून ती बाहेर आली, एसटी स्टँडपर्यंत चालत गेली आणि दुकानाचं फळकूट उघडून तिनं स्टोव्ह पेटवला. दुपारच्या गाड्या यायच्या होत्या.

पंचफुला कुमरे तालुक्याच्या त्या स्टँडसमोर एकोणीस वर्षं चहा विकत होती. दुकान सुरू केलं तिच्या नवऱ्यानं, तानबानं. काविळीत तो गेला तेव्हा त्यांची मुलगी स्वीटी दहावीत होती. दुकान बंद होईल असं लोकांना वाटलं होतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पंचफुलानं ते उघडलं, आणि चहाबरोबर आलुबोंडे आणि तर्री-पोहे सुरू केले. पुढे एक टीव्हीही आणला. मॅचच्या दिवशी गिऱ्हाईक बाकावरून हलत नसे, आणि न हलणारा माणूस दुसरा चहा मागतोच, एवढा तिचा विचार.

भिंतीचं प्रकरण त्यानंतरचं. दुकानाची एक बाजू थेट स्टँडकडे तोंड करून होती. एक दिवस दोन पेंटर शिडी घेऊन आले. एका मोबाईल ॲपची जाहिरात काढायची म्हणाले. पैसे देत नव्हते, पण वर दुकानाचं नाव फुकट रंगवून देत होते. एवढ्या वर्षांत दुकानाला पाटी नव्हती. तिनं हो म्हटलं. संध्याकाळपर्यंत भिंतीवर बॅट उगारलेला एक खेळाडू उभा राहिला. त्याच्याखाली हातभर अक्षरांत ‘डोकं लावा, टीम बनवा, जिंका’. अगदी तळाशी, नालीच्या वर, बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. पंचफुला आठवी शिकलेली. ती खाली वाकून वाचत बसली. ‘या खेळात आर्थिक जोखीम आहे. जबाबदारीने खेळा.’

“हे इतकं बारीक काऊन लिवलं?” तिनं पेंटरला विचारलं.

“असंच लिवा लागते मावशी. वरून ऑर्डर आहे.”

सगळ्यात वर मात्र निळ्या अक्षरांत ‘पंचफुला टी स्टॉल’ झळकत होतं, आणि तिला ते आवडलं.

धाड पडली ती एप्रिलमधल्या एका संध्याकाळी. आयपीएलची मॅच चालू होती. बाकावर नेहमीचे पाच जण होते, आणि कोपऱ्यात राकेश नावाचा एक माणूस. तो गावचा नव्हता. तीन दिवसांपासून येत होता, दोन मोबाईल समोर ठेवून बसायचा, भराभर चहा मागवायचा आणि हळू आवाजात बोलायचा. पुढच्या ओव्हरमध्ये किती रन निघतील यावर तो लोकांकडून पैसे लावून घेत होता. जीप आली तेव्हा पंचफुला कढईत बोंडे सोडत होती. पोलिसांनी मोबाईल घेतले, चिठ्ठ्या घेतल्या, टीव्ही उचलला, रिमोटही घेतला. दुकान तिचं, टीव्ही तिचा, म्हणून अड्डा तिचा, असं कागदावर लिहिलं गेलं. कोर्टात सगळ्यात आधी ‘कबूल’ म्हणाला तो राकेशच. त्याला ते पाठ होतं. त्याच दिवशी तो गाव सोडून गेला, तो पुन्हा दिसला नाही.

सरकारतर्फे मिळालेली वकील म्हणजे रीता जयस्वाल. आर्वीच्या किराणा व्यापाऱ्याची मुलगी, तिशीच्या आतली. स्कुटीवरून दुकानात आली, हेल्मेट बाकावर ठेवलं, चहा प्यायच्या आधी भिंतीपुढे जाऊन उभी राहिली आणि मोबाईलवर तिचे चार-पाच फोटो काढले.

“मावशी, ही भिंतच आपली केस आहे,” ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

“ते कसं?”

“कायद्यात दोन प्रकार आहेत बघा. ज्यात नशीब जास्त, तो जुगार. ज्यात कौशल्य जास्त, तो खेळ. हे ॲपवाले म्हणतात, अकरा खेळाडू निवडायला अभ्यास लागतो, म्हणून आमचा खेळ. काही हायकोर्टांनी ते मानलंय. अन् राकेश जे घेत होता, पुढच्या ओव्हरला किती रन, तो सट्टा.”

पंचफुलानं गाळणीतला चहापत्तीचा चोथा डब्यात झटकला. “म्हणजे पुढच्या ओव्हरचं सांगाले डोकं नाई लागत?”

“कायदा म्हणतो, नाही लागत.”

“आपले बाकावर बसनारे गजेंद्र सर तं बॉलर कोण, पीच कसं, हवा कोन्या बाजूनं, सारं पाहून सांगत. अन् आपला कैलास ड्रायव्हर आहे नं, समुद्रपूरच्या गाडीवरचा, तो ॲपवर टीम बनवते ते बायकोच्या जन्मतारखेवरून. दोघाईत डोकं कोनाचं लागलं?”

रीता हसली. “हेच मला कोर्टात म्हणायचंय. तुमच्या भिंतीवर जे चालतं, तेच भिंतीच्या आत चालत नाही. का? हा मुद्दा वरपर्यंत जाऊ शकतो मावशी.”

“मॅडम, एक विचारू? तुमी माही बाजू मांडनार का त्या ॲपवाल्यायची?”

रीता थोडी वरमली. कप हातात घेऊन बाकावर बसली. मग तिनं इतके दिवस कोणी न विचारलेला प्रश्न विचारला. “तुम्ही कबूल का नाही म्हटलं? खरं सांगा. सगळे सुटले.”

पंचफुलानं स्टोव्ह बारीक केला.

“आमचं गाव रोहण्याच्या तिकडून, डोंगराच्या बाजूनं. माहा बाप जंगलात मजुरी करे. मी आठ-नऊ वर्षाची असन. कोणाच्या तरी वावराच्या धुऱ्यावर सागाचं लाकूड सापडलं, अन् जंगलखात्याच्या लोकायनं बापाले धरलं. त्यानं नव्हतं तोडलं. साहेब म्हणे, कबूल कर, दंडावर सुटशीन. बापाले मराठी धड समजे नाई, घरी आमी गोंडीतच बोलो. त्याले एवढंच समजलं का ‘हो’ म्हटलं का घरी जाता येते. तो हो म्हणाला अन् अंगठा देल्ला.”

“मग?”

“मंग काय. जंगलात कुठंबी झाड पडलं का जीप आमच्या दारी. कागदावर होता नं तो. बाकीच्यायले पुसत, त्याले धरत. मरेपर्यंत.” तिनं स्टोव्ह पुन्हा मोठा केला. “म्हून मी नाई म्हणाली.”

सरकारी वकील म्हणाले होते तसंच झालं. तारखा लागल्या. कधी साहेब रजेवर, कधी साक्षीदार गैरहजर, कधी फाईल सापडेना. प्रत्येक तारखेला पंचफुला फळकूट बंद करून जायची, दुपारी परत यायची. टीव्ही ठाण्यातच राहिला. बाकावरचे पाच जण यायचे बंद झाले. शेजारपाजारचे काही बोलत नसत, पण चहा पिताना आता कोणी जास्त वेळ बसतही नसे.

स्वीटी सावंगीच्या दवाखान्यात नर्स होती. आठवड्याची सुट्टी मिळाली की ती येई. अशाच एका रविवारी ती आली ती तोंड पाडूनच. बॅगही खाली ठेवली नाही.

“आई, मले पाह्याले येनार होते नं, त्या हिंगणघाटच्या पाहुण्यायनं निरोप धाडला. तुह्या केसचं पुसून राह्यले.”

“मंग सांग त्यायले, केस चालू आहे म्हून.”

“तू कबूल करून मोकळी काऊन नाई झाली? ते सहा जण पाह्य, कोणाच्या ध्यानातबी नाई आता. फक्त तुह्यंच नाव चालू आहे दर महिन्याले.”

“मी केलं नाई ते कबूल काऊन करू?”

“कोणी केलं, कोणी नाई, हे पुसते कोण आई? लोक पाह्यतात कोर्टात कोण जाते.”

तेवढ्यात स्वीटीचा मोबाईल वाजला. तिनं बॅगेतून काढून पाहिलं आणि पटकन उलटा ठेवला. पंचफुलानं तो उचलला. पडद्यावर अकरा लहान लहान चेहरे होते, हिरव्या मैदानावर मांडलेले. भिंतीवरचाच रंग, भिंतीवरचंच नाव.

“हे काय व्हय?”

“टीम लावली. वॉर्डातले सारेच लावतात. एकोणपन्नासची.”

“पैसे लावून?”

“हे लीगल आहे आई.” स्वीटी चिडून म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचा आवाज उतरला.

पंचफुलानं मोबाईल मुलीच्या हातात परत दिला.

“त्यायले मी बाकावर बसू देलं, म्हून माह्यावर केस. तुले ह्या मोबाईलनं बसू देलं, त्याच्यावर केस नाई. अन् पाहुणे माहं पुसतात.”

स्वीटीनं बॅग खाली ठेवली आणि ती कांदे चिरायला बसली. हिंगणघाटचे पाहुणे पुढे आले नाहीत. तो विषय घरात कोणी काढला नाही.

एकदा गजेंद्र सर आले. बाकावरच्या पाचांतले हे एक. खासगी शाळेत शिक्षक, गणित शिकवायचे. धाड पडल्यापासून दुकानाकडे फिरकले नव्हते. त्या दिवशी दुकानात कोणी नाही असं पाहून आत आले. त्यांचा चेहरा ओढलेला होता.

“काकू, एक बोलू का? तुमची जयस्वाल मॅडम मले साक्षीले बोलावनार असं समजलं.”

“ती म्हणे. मी नाई म्हटलं तिले.”

गजेंद्र सरांनी सुस्कारा सोडला. “शाळेत कोणालेच मालूम नाई. संस्थेले समजलं तं नोकरी जाईन. काकू, मी असं म्हणत होतो, तुमी कबूल करा. जो दंड पडन तो मी भरतो. वकिलाचं, येण्याजाण्याचं, सारं.”

पंचफुलानं त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला.

“सर, तुमी राकेशसंग बोलत ते मी ऐको. कोणी बॉल टाकते, कसा टाकते, समोरचा कोन्या पायावर खेळते, सारं बरोबर सांगत तुमी. मले वाटे, एवढं मालूम असलेला मानूस पोट्ट्यायले किती छान शिकवत असन.”

गजेंद्र सरांनी कप उचलून एक घोट घेतला.

“तुमाले समन्स नाई येनार. यावंसं वाटलं तं याजा, नाई तं नाई. पण माह्या ‘नाई’ची किंमत भराले येऊ नका.”

त्यांनी कप अर्धा ठेवला आणि निघून गेले. साक्षीला ते आले नाहीत. पंचफुलानं त्यांना कधी दोष दिला नाही. फक्त तो अर्धा कप विसळताना ती स्वतःशीच म्हणाली होती, “मानूस वाईट नाई तो. भेव वाईट आहे त्याचं.”

दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिल्लीत नवा कायदा झाला. ऑनलाईन पैसे लावून खेळायचे सगळे खेळ बंद. कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावले की बंद. आठवडाभरात स्वीटीच्या वॉर्डातल्या लोकांच्या मोबाईलवरच्या टीम गायब झाल्या. थोड्याच दिवसांत दोन पेंटर चुन्याच्या बादल्या घेऊन भिंतीपाशी आले. खेळाडूचं डोकं, बॅट, हातभर अक्षरं, सगळ्यावर ब्रश फिरू लागला.

“वरचं नाव राहू द्या,” पंचफुला म्हणाली.

“ऑर्डर पुऱ्या भिंतीची आहे मावशी.”

“भिंत कोनाची आहे?”

तिनं शिडीचा पाय धरला आणि सोडला नाही. शेवटी त्यांनी वरचा पट्टा तसाच ठेवून बाकीची भिंत पांढरी केली. तळाशी नालीच्या वरची ती बारीक ओळ चुन्याखाली जाताना ती उभी राहून पाहत होती.

गावात लोक म्हणू लागले, आता पंचफुलाची केस सुटणार. उलटं झालं. त्या आठवड्यात रीता आली ती स्कुटीवरून उतरतानाच गप्प होती.

“मावशी, आपला मुद्दा गेला. मी म्हणत होते की बाहेर चालतं ते आत का नाही. आता बाहेरही चालत नाही. धाड पडली तेव्हा चालत होतं, हे मी सांगेनच, पण त्याला जोर राहिला नाही.”

“मंग?”

“एक रस्ता आहे. दोन्ही पंचांनी साक्षीत सांगितलं, आम्ही ठाण्यात जाऊन सह्या केल्या, दुकानात काय झालं ते पाहिलं नाही. हे आपल्या बाजूनं आहे. आता पुढच्या तारखेला साहेब तुम्हाला प्रश्न विचारतील. शपथ नसते. तुम्ही एवढंच म्हणायचं, राकेश काय करत होता ते मला माहीत नव्हतं. बस्स. तुम्ही सुटता.”

पंचफुलानं चहा गाळून तिच्यापुढे ठेवला. रीतानं तोच होकार धरला.

खरं म्हणजे हा प्रश्न पंचफुलानं स्वतःला फार आधी विचारला होता. पहिल्या दिवशी राकेश कोपऱ्यात बसला तेव्हा तिला वाटलं, फिरतीवरचा विक्रेता असेल. दुसऱ्या दिवशी मात्र बोंड्यांची ताटली ठेवताना तिच्या कानावर आलं आणि समजलं. तिसऱ्या दिवशी, मॅच संपली की त्याला सांगायचं, उद्यापासून येऊ नको, असं तिनं ठरवलं होतं. ती मॅच तिच्या दुकानात संपलीच नाही.

डिसेंबरातली तारीख होती. कोर्टात कुडकुडायला होत होतं. न्यायाधीश तेच होते. त्यांनी एकेक प्रश्न विचारला, टायपिस्ट उत्तरं घेत होता.

“दुकान तुमचं आहे, हे खरं?”

“खरं.”

“टीव्ही तुमचा?”

“माहाच. अजून ठाण्यात आहे.”

“राकेश हा इसम तुमच्या दुकानात बसून सामन्यावर पैसे लावून घेत होता, असं पोलिसांचं म्हणणं आहे. तुम्हाला काय म्हणायचंय?”

रीतानं तिच्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली.

“पह्यल्या दिवशी मले समजलं नाई साहेब,” पंचफुला म्हणाली. “दुसऱ्या दिवशी समजलं.”

टायपिस्टची बोटं थांबली. रीतानं डोळे मिटून घेतले. सरकारी वकील खुर्चीत सरळ झाले.

“बाई,” न्यायाधीश सावकाश म्हणाले, “तुम्ही उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. गप्प राहायचा तुम्हाला अधिकार आहे. वकिलांशी बोलून घ्या हवं तर.”

“नाई साहेब, बोलू द्या. मले समजलं का हा पैसे लावून घेऊन राह्यला. तिसऱ्या दिवशी मॅच झाल्यावर मी त्याले सांगनार होती का बावा, उद्यापासून येऊ नको. त्याच्या आंधीच जीप आली. पण अड्डा माहा नव्हता. मी चाय विकली. त्याच्या धंद्यातलं मी काई घेतलं नाई, न त्यानं मले काई देलं.”

तिनं कठडा धरला. आवाज चढला नव्हता, पण मागच्या बाकापर्यंत ऐकू जात होता.

“तवा माह्या भिंतीवर लिवलं होतं, डोकं लावा अन् जिंका. ते कायद्यानं चालत होतं. माही पोरगी खेळे, तिच्या दवाखान्यातले खेळत, ह्या कोर्टातले कितीक खेळत असन. आता त्याच्यावर चुना मारला. कोन्तं चालते अन् कोन्तं नाई चालत, हे ठरवाले मोठमोठ्या कोर्टायले अन् दिल्लीच्या लोकायले इतकी वर्षं लागली. ते सारे शिकलेले. मले तीन दिवस लागले. तं गुन्हेगार मी काऊन?”

न्यायाधीशांनी टायपिस्टला खूण केली. “जसं बोलल्या तसंच घ्या. शब्द बदलू नका.”

बाहेर आल्यावर रीता स्कुटीजवळ थांबली. “मावशी, तुम्ही स्वतःच केस हरलात. एक वाक्य होतं फक्त.”

“बापानंबी एकच शब्द म्हटला होता मॅडम, सुटून जाव म्हून. खोटा होता तो. मी दुसरा खोटा शब्द बोलून सुटू?”

हेल्मेट हातातच धरून रीता पंचफुलाबरोबर स्टँडपर्यंत चालत आली.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. स्वीटी सुट्टी टाकून आली होती आणि मागच्या बाकावर बसली होती. न्यायाधीशांनी निकालातला महत्त्वाचा भाग वाचून दाखवला. जुगाराचं साहित्य जिथं सापडतं, ती जागा अड्डा आहे असं कायदा गृहीत धरतो. पंचांनी साथ दिली नसली तरी पोलिसांचा पुरावा आहे, आणि आरोपीला माहिती होती हे तिनं स्वतः सांगितलं आहे. दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर काय रंगवलं होतं, हा या खटल्याचा विषय नाही. आरोप सिद्ध होतो.

“शिक्षेबद्दल काही म्हणायचंय?” त्यांनी विचारलं.

“शिक्षा द्या साहेब. फक्त मी कबूल केलं असं कुठं लिवू नका.”

न्यायाधीशांनी फाईलची पानं मागे उलटली. एका पानावर थांबले आणि ते पान क्लार्ककडे दिलं. “दाखवा त्यांना.”

क्लार्कनं पान कठड्यावर ठेवलं. पंचफुलानं बोट फिरवत वाचलं. ‘आरोपीने गुन्हा नाकारला.’ तारीख होती, तिची सही होती. तिनं ती ओळ दोनदा वाचली आणि मान हलवली.

शिक्षा झाली ती कोर्ट उठेपर्यंत साध्या कैदेची, आणि थोडा दंड. आरोपीची पहिलीच वेळ, वय, तिनं स्वतःहून सांगितलेली हकीकत, अशी कारणं न्यायाधीशांनी नोंदवली. स्वीटीनं खिडकीवर जाऊन दंड भरला आणि पावती आणून आईजवळ दिली.

रीता घाईघाईनं कागद काढत होती. “मावशी, मी आत्ताच अर्ज देते. अपीलात जायचंय म्हटल्यावर शिक्षा थांबवतील. बसायची गरज नाही.”

“अपील करू. उद्याच वर्ध्याले जाऊ. पण आज मी बसतो.”

“कशासाठी?”

“मी पळाली नाई, हे पाहू द्या साऱ्यायले.”

साडेअकरा वाजले होते. ती मागच्या बाकावर जाऊन बसली, पाठ टेकवली नाही. समोर दुसरी प्रकरणं सुरू झाली. शेताच्या धुऱ्याचं भांडण, चेक न वटल्याचा खटला, कोणाच्या मोटारसायकलचा अपघात. एकेक माणूस कठड्यात येई, काही विचारलं की इकडे तिकडे पाही. पंचफुला सगळं ऐकत होती.

दुपारच्या सुट्टीत शिपाई नागसेन तिच्याजवळ आला. “बाई, जा आता. असं कोणी बसत नाई दिवसभर. सही झाली, दंड भरला. साहेबबी काई म्हणनार नाई.”

“कोर्ट उठलं का?”

“नाई, पाच-साडेपाचले उठते.”

“मंग तवा जाईन.”

आपल्या डब्यातली एक पोळी आणि भाजी नागसेननं कागदावर ठेवून तिला दिली. ती पोळी मायलेकींनी अर्धी अर्धी खाल्ली.

तिसऱ्या प्रहरी ऊन खिडकीतून सरकत सरकत तिच्या बाकावर आलं आणि निघून गेलं. स्वीटी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून डुलकली. रीताचं दुसरं काम संपलं होतं, ती जाऊ शकत होती. ती गेली नाही. तिनं आपली खुर्ची उचलून बाकाला लावली आणि अपीलाचा मसुदा मांडीवर घेऊन लिहीत राहिली.

साडेपाचच्या सुमारास शेवटचं प्रकरण पुढच्या तारखेला गेलं. न्यायाधीशांनी पेनाला टोपण लावलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि समोर पाहिलं. रिकाम्या हॉलमध्ये मागच्या बाकापाशी तिघी बसलेल्या होत्या. क्षणभर त्यांना आठवलं नसावं. मग आठवलं.

ते उठले. क्लार्क, शिपाई, रीता, सगळे उभे राहिले. पंचफुलाचे गुडघे इतक्या वेळात आखडले होते. तिनं समोरच्या बाकाचा आधार घेतला, पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जोर लावला. स्वीटीनं हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

न्यायाधीश आपल्या दालनाच्या दाराशी पोचले होते. हात दाराच्या कडीवर होता. ते तसेच थांबले. पंचफुला पुरती सरळ उभी राहीपर्यंत त्यांनी दार उघडलं नाही.